डॉक्टरकीचे गणित

मुलांनो, १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकल्या. आज सातारा-सांगलीकडची मुलेही परदेशी जातात. कुणाचे उसाचे बिल खर्ची पडते, कुणी कर्ज काढते.

चला, गणित मांडू! समजा, वर्षाची फी ४,००० डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर साधारण ७५ रुपयांना होता. म्हणजे ३ लाख रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये तो ८५ वर गेला. झाले ३ लाख ४० हजार! फी तीच, पण ४० हजार जादा. जेवण, वसतिगृह, विमानभाडे वेगळेच. शिवाय परतल्यावर बहुतेकांना इथली परीक्षा पास झाल्याशिवाय दवाखाना काढता येत नाही.

तेव्हा आईबाबांजवळ बसा आणि सगळा हिशेब आधी वहीत मांडा. मांडाल ना?