बीटा पेशी आणि कॅल्शियमच्या वाहिन्या : एक मागोवा

स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर वाढताच इन्शुलिन स्रवतात, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ज्ञात झाले होते. मात्र ती वाढ पेशीला जाणवते कशी, याचा उलगडा १९६०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने होत गेला. १९६६-६७ मध्ये ग्रॉड्स्की व बेनेट, तसेच मिल्नर व हेल्स यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडावर प्रयोग केले, तेव्हा भोवतालच्या द्रवातून कॅल्शियम वगळल्यास साखर कितीही असली तरी इन्शुलिन पुरेसे स्रवत नाही, असे त्यांना आढळले. १९६८ मध्ये डीन व मॅथ्यूज यांनी उंदराच्या या पेशींत सूक्ष्म विद्युदग्र घालून, साखरेमुळे तेथे विद्युत स्पंदने उमटतात, हे नोंदवले.

पेशीपटलातून आयन म्हणजे विद्युतभारित कण ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांना वाहिन्या म्हणतात. नेहर व झाकमान यांनी १९७६ मध्ये एकेका वाहिनीतील प्रवाह मोजण्याची पद्धत सिद्ध केल्यावर संशोधनाला गती आली आणि १९८४ मध्ये साखरेच्या ज्वलनातून बीटा पेशीतील पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, हे स्पष्ट झाले. या वाहिन्या मिटल्या की पटलाचा विद्युतभार बदलतो, त्या बदलाने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आणि बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असलेले कॅल्शियम आत शिरून इन्शुलिनच्या पुटिका, म्हणजे ते साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, पटलाशी एकरूप करते आणि इन्शुलिन बाहेर पडते. कॅल्शियमच्या या वाहिन्यांत ‘एल’ प्रकार प्रमुख असून २००३ मध्ये उंदरांच्या बीटा पेशींतून त्यातील एक उपप्रकार जनुकीय तंत्राने काढला असता इन्शुलिनच्या स्रवणाचा पहिला, झटपट टप्पाच नाहीसा झाला. मानवी पेशींत मात्र अन्य प्रकारांचाही वाटा असल्याचे पुढे दिसून आले.

कॅल्शियमचा अतिरेकही पेशीला घातक ठरतो. ‘एल’ वाहिन्या अंशतः रोखणारे व्हेरापामिल हे रक्तदाबाचे जुने औषध नुकताच टाईप १ मधुमेह झालेल्या मुलांना दिले असता इन्शुलिननिर्मितीचा काही अंश वर्षभर टिकला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. परंतु हे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे.

महाराष्ट्रात या संशोधनाचे महत्त्व विशेष आहे, कारण डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातून, गर्भावस्थेत खुंटलेली वाढ आणि पुढे बीटा पेशींची अपुरी पडणारी स्रवणक्षमता यांचा संबंध पुढे आला, आणि भारतीयांचा मधुमेह केवळ लठ्ठपणाने समजणार नाही, हे ठसले. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, तो याच दिशेचा आहे.

साठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील एका क्षाराच्या अभावातून सुरू झालेला हा शोध आज माणसाच्या उपचारापर्यंत पोहोचला आहे. पेशीपटलाचे हे ज्ञान कोकणात सार्थकी लागायचे, तर मधुमेहाची तपासणी वजनाच्या आकड्यावर थांबू नये आणि भावी मातांच्या पोषणाला अग्रक्रम मिळावा.