नाशिकची कॉर्नेलिया आणि राणीचं सोनेरी पदक

आजचा भाग एका पदकाबद्दल आहे. नाव ‘कैसर-इ-हिंद’. कैसर म्हणजे सम्राट. व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून हीच पदवी लावायचे. १० एप्रिल १९०० ला तिनं हे पदक सुरू केलं, लढाईसाठी नाही, तर हिंदुस्थानातल्या लोकसेवेसाठी. जात, धंदा, हुद्दा, बाई की पुरुष, काही आडवं येणार नाही असा नियमच होता. लंबगोल पदक, गडद निळी फीत. सोन्याचं पदक राजाकडून, चांदीचं व्हाइसरॉयकडून.

आता आपल्या गावाकडे येऊ. १५ नोव्हेंबर १८६६ ला नाशिकमध्ये कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मग ऑक्सफर्डला. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण डिग्री हातात पडली १९२२ मध्ये! कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना डिग्रीच देत नव्हतं. (आमचं कॉन्व्होकेशन वर्षभर लांबलं तर आम्ही ग्रुपवर बोंब मारली होती.)

परत येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. सनद मात्र नाही.

तेव्हा मोठ्या जमीनदार घराण्यांत विधवा बायका पडद्यात असायच्या. परपुरुषाशी बोलायचं नाही, म्हणजे वकिलाशीही नाही. मग इस्टेटीचे कागद दीर किंवा कारभारी आणणार, बाई आतून अंगठा उठवणार. कशावर उठवला, हे तिला कोण सांगणार? कॉर्नेलियाबाई स्वतः बाई, त्यामुळे थेट आत जायच्या, ऐकून घ्यायच्या, कागद वाचून दाखवायच्या. १९०४ पासून त्या सरकारच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ खात्यात, म्हणजे विधवा आणि अज्ञान मुलांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, सल्लागार होत्या. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख. वीसेक वर्षांत सुमारे ६०० बायका आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली.

१९०९ मध्ये याच कामासाठी त्यांना कैसर-इ-हिंदचं सुवर्णपदक मिळालं. आणि मला खटकतं ते इथंच. कायद्याच्या कामासाठी सोनं दिलं, पण वकिलीची सनद काही दिली नाही! पदकाला बाई-पुरुष फरक नव्हता, कोर्टाला होता. बायकांसाठी वकिलीचं दार देशभर कायद्यानं उघडलं ते १९२३ मध्ये. तोवर बाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

हेच सुवर्णपदक १९१५ मध्ये गांधीजींनाही मिळालं, दक्षिण आफ्रिकेतल्या कामासाठी. १ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू करताना त्यांनी ते परत केलं. कॉर्नेलियाबाईंनी तसं केलं नाही. त्या ब्रिटिश राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींवर उघड टीका करायच्या. म्हणूनच की काय, आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या मला तरी कधी भेटल्या नाहीत. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण त्या अंगठ्याखालचा कागद वाचून दाखवायला गेल्या त्याच.

१९४७ नंतर पदक बंद झालं. कॉर्नेलियाबाई १९५४ मध्ये लंडनला वारल्या. २०१७ मध्ये गूगलनं त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं होतं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या आपल्या नाशिकच्या.