बावन्नावी निवड

बंगळुरूच्या पूर्वेस वसलेला महादेवपुरा हा भाग २००७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाला आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांमुळे झपाट्याने विस्तारला. नोकरीनिमित्त आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथील उंच इमारतींत स्थिरावली आहेत. सायंकाळी निवासी संकुलांच्या आवारात बास्केटबॉलच्या कड्याखाली घाम गाळणारी मुले दिसतात. एखाद्या मुलाची उंची भराभर वाढू लागली आणि प्रशिक्षकाने त्याची पाठ थोपटली, की आईवडिलांच्या मनात अभिमानासोबत एक काळजीही डोकावते. खेळ उत्तम आहे. पण पुढे पोटापाण्याचे काय?

या प्रश्नावर सतनाम सिंग याच्या आरंभीच्या कारकिर्दीतून पुष्कळ प्रकाश पडतो.

सतनामचा जन्म १० डिसेंबर १९९५ रोजी पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या लहानशा गावी झाला. वडील बलबीर सिंग यांची उंची सात फुटांहून अधिक. तारुण्यात त्यांनी बास्केटबॉल खेळावे असे अनेकांनी सुचविले होते. परंतु घरची शेती सोडणे त्यांना शक्य झाले नाही. आपल्याला न मिळालेली संधी मुलाला मिळावी, या इच्छेने त्यांनी सतनामला वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास लुधियानाच्या बास्केटबॉल प्रबोधिनीत धाडले. तेथे डॉ. एस. सुब्रमणियन यांच्यासारखे साक्षेपी प्रशिक्षक त्यास लाभले.

२०१० साली शिष्यवृत्ती मिळवून हा चौदा वर्षांचा मुलगा अमेरिकेतील फ्लोरिडा येथील आयएमजी अकादमीत दाखल झाला. इंग्रजीचा गंध नाही, आहार निराळा, घर हजारो मैल दूर. तरीही त्याने तेथे पाच वर्षे चिकाटीने काढली. २५ जून २०१५ रोजी एनबीए या जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगच्या वार्षिक निवडीत डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याचे नाव पुकारले. निवड झालेल्या साठ खेळाडूंत त्याचा क्रमांक बावन्नावा होता. भारतात जन्मलेल्या खेळाडूची अशी निवड प्रथमच होत होती. त्या वेळी त्याचे वय एकोणीस आणि उंची सात फूट दोन इंच होती. भारतभर त्याचे कौतुक झाले. पुढे त्याच्या जीवनावर माहितीपटही निघाला.

मात्र 'बावन्न' या आकड्याचा आर्थिक अर्थ फारशा कोणी ध्यानात घेतला नाही. या निवडीच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतील तीस खेळाडूंशी होणाऱ्या करारात वेतनाची हमी असते. दुसऱ्या फेरीतील खेळाडूस तशी हमी नसते. संघाची इच्छा असेल तरच करार होतो. त्या हंगामात एनबीएमधील नवोदित खेळाडूचे किमान वार्षिक वेतन सव्वापाच लाख डॉलर होते, तर तिच्या दुय्यम लीगमध्ये हंगामाचे वेतन साधारणतः पंचवीस हजार डॉलर वा त्याहून कमी असे. सतनामच्या वाट्याला ही दुय्यम लीगच आली. टेक्सास लेजंड्स संघात त्याने दोन हंगाम काढले. पण खेळण्याची संधी मोजकीच मिळाली. एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना त्याला खेळावयास मिळाला नाही.

त्यानंतर २०१८-१९ च्या हंगामात तो कॅनडातील एका व्यावसायिक संघाकडून खेळला. पुढे उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी ठरल्याने डिसेंबर २०२० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. २०२१ मध्ये तो अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीकडे वळला. ज्या निवडीने त्याचे नाव जगभर झाले, तिच्यानंतर अवघ्या सहा वर्षांत बास्केटबॉल हे त्याच्या चरितार्थाचे साधन उरले नव्हते.

भारतीय बास्केटबॉलपटूंची रूढ वाट याहून वेगळी आहे. रेल्वे, पोलीस, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम आणि बँका यांनी वर्षानुवर्षे खेळाडूंना नोकरी देऊन संघ उभे केले. चेन्नईच्या इंडियन ओव्हरसीज बँकेचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत नामांकित ठरला. २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झालेल्या विजया बँकेचा संघ बंगळुरूकरांना चांगला परिचित होता. याच शहरातील कंठीरवा स्टेडियममध्ये जुलै २०१७ मध्ये भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या 'ब' विभागातील अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे नमवून वरच्या विभागात प्रवेश मिळविला. पुण्याची शिरीन लिमये त्या विजयी संघात होती. देशी व्यावसायिक लीगचा भरवसा मात्र अद्याप कमी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगचे हंगाम २०१७ नंतर झालेच नाहीत. खेळाडूची उमेद तीच असली, तरी पाठीशी नोकरी आहे की नाही यावर अपयश पेलण्याची त्याची शक्ती अवलंबून असते.

म्हणून सतनामने धरलेली वाट चुकीची होती, असे मुळीच नव्हे. त्याने ते धाडस केले नसते, तर भारतीय मुलाला ते दार ठाऊकही झाले नसते. त्याच्यानंतर अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग आणि प्रिन्सपाल सिंग परदेशी व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचले. परंतु खेळाडूची कमाईची वर्षे थोडी असतात, आणि दुखापत सांगून येत नाही. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यातील हमीचा भाग कोणता आणि आशेचा कोणता, हे पालकांनी पाहावे. शिक्षण सुटू देऊ नये. पहिल्या मानधनापासूनच एक वाटा बाजूला ठेवावा आणि आरोग्यविमा वेळीच उतरवावा. एवढी तजवीज असली, म्हणजे महादेवपुऱ्यातील त्या कड्याखाली उड्या घेणाऱ्या मुलाला 'पोटापाण्याचे काय?' हा प्रश्न ऐकून खेळ सोडावा लागणार नाही.