मीर जुमल्याच्या तोफा आणि आपलं बऱ्हाणपूर

पाहुणे आले की आपण त्यांना ठरलेल्या वाटेनं फिरवतो. शाही किल्ला, मुमताजचा हमाम, तापीपलीकडचा अहूखाना, मग कुंडी भंडारा आणि परतताना मावा जिलबी. मुमताज १६३१ मध्ये इथं बाळंतपणात गेली, तिला आधी इथंच पुरलं होतं, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. गाडी त्यापुढे सहसा सरकत नाही. माझा जीव मात्र त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या एका महिन्यात अडकला आहे. १८ फेब्रुवारी ते २० मार्च १६५८.

त्या महिनाभर औरंगजेब बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. दिल्लीत शाहजहान आजारी, चारही भाऊ गादीवर डोळा ठेवून. औरंगजेब अजून नुसता दख्खनचा सुभेदार. इथं त्यानं फौज जमवली, पत्रं पाठवली, बातम्यांची वाट पाहिली आणि मग नर्मदेकडे कूच केलं. एप्रिलात धर्मत, मेमध्ये सामूगढ, आणि हिंदुस्थानचं तख्त त्याच्या हाती. या सगळ्यामागे ज्याच्या तोफा होत्या आणि ज्याचा पैसा होता, तो माणूस तेव्हा इथं नव्हताच. तो दौलताबादच्या किल्ल्यात ‘कैदेत’ होता. त्याचं नाव मीर मुहम्मद सईद, इतिहासाला ठाऊक मीर जुमला म्हणून.

इराणात इस्फहानजवळच्या अर्दिस्तानचा हा मुलगा. बाप तेल विकणारा, घरची गरिबी. लिहायला-वाचायला मात्र शिकला, आणि त्याच जोरावर गोवळकोंड्याशी हिऱ्यांचा व्यवहार असलेल्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी मिळाली. गोवळकोंडा म्हणजे तेव्हाची हिऱ्यांची जगातली पहिली पेठ. कारकुनाचा व्यापारी झाला, व्यापाऱ्याची स्वतःची जहाजं झाली. त्याच्याकडचे हिरे मणांनी मोजायचे, असं प्रवासी लिहून गेलेत. त्यातला थोडा मीठमसाला वजा केला तरी उरतं ते पुष्कळ आहे. पुढे कुतुबशहानं त्याला मच्छलीपट्टणचा कारभार दिला, मग वजिरी दिली.

इथवर व्यापारी आणि कारभारी. तलवार आली ती कर्नाटकाच्या मोहिमेत. कडप्पा, गंडीकोटा, चंद्रगिरी असा विजयनगरच्या वारसांचा मुलूख त्यानं जिंकला आणि तो मालकापेक्षा स्वतःसाठीच राखला. वर्षाला सुमारे चाळीस लाखांचं उत्पन्न, हजारोंची फौज, तोफखान्यावर युरोपियन गोलंदाज. तोफा ओतायला देवळांतल्या तांब्याच्या मूर्ती जमवल्या, असं फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निए लिहितो. ते वाचताना मनाला लागतं, आणि लागावंच. या माणसाला मी संत म्हणून तुमच्यापुढे उभा करत नाही.

तोच तॅव्हर्निए १६५२ मध्ये गंडीकोट्याला त्याला भेटला. नबाब तंबूत अनवाणी बसलेला, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पत्रं खोचलेली, डाव्या हाताच्या बोटांतही पत्रं. एकेक काढायचा, उत्तर सांगायचा, कधी स्वतः लिहायचा. सत्तरीकडे झुकलेले आमचे एक काका होते, अडतीवर बसून तीन वह्या आणि दोन फोन एकदम सांभाळायचे. हा प्रसंग वाचला की मला हटकून तेच दिसतात. मीर जुमला सेनापती झाला, वजीर झाला, तरी त्याची बैठक पेढीवरचीच राहिली.

त्याच काळात तिकडे इंग्लंडात क्रॉमवेलच्या भोवती अशीच माणसं वर येत होती, अगदी वेगळ्या मातीतली. जॉन लेव्हरेट घ्या. जन्म १६१६, अमेरिकेतल्या बॉस्टनचा व्यापारी. समुद्र ओलांडून क्रॉमवेलच्या बाजूनं लढला, परतला आणि १६७३ ते १६७९ मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. आधी गल्ला, मग तलवार, मग खुर्ची. फरक एवढाच की लेव्हरेटला लोकांनी निवडून दिलं होतं, आणि मीर जुमल्याला मालक बदलावा लागला.

मालक बदलायचं निमित्त झालं मुलाचं. मुहम्मद अमीन तोऱ्यात वागायचा. एकदा म्हणे दारूच्या नशेत थेट सुलतानाच्या गालिच्यावर आडवा झाला. नोव्हेंबर १६५५ मध्ये कुतुबशहानं त्याला आणि घरच्यांना कैद केलं. औरंगजेबाला हेच हवं होतं. जानेवारी १६५६ मध्ये मोगल फौजा हैदराबादेत घुसल्या. मीर जुमला मोगलांना मिळाला, दिल्लीला गेला, शाहजहानला भलाथोरला हिरा नजर केला आणि साम्राज्याचा वजीर झाला. दख्खन आणि आग्रा यांच्यातला राजरस्ता बऱ्हाणपुरावरूनच जायचा, हे इथं लक्षात ठेवा. इथं विणलेलं कापड इराणापर्यंत जात होतं. त्याच रस्त्यानं कापडाचे गठ्ठे जात आणि त्याच रस्त्यानं तोफा.

मंडळातल्या मुलांपुढे हे सांगत होते तेव्हा एका मुलीनं विचारलं, “ताई, पण यात आपण कुठे आहोत?” प्रश्न रास्त होता. आपल्या घरांतून बऱ्हाणपूरचा इतिहास पेशव्यांपासून सुरू होतो, त्याआधीचं सगळं ‘त्यांचं’. मी तिला म्हटलं, आपण आहोत की, जरा थांब. १६५७ मध्ये औरंगजेब आणि मीर जुमला विजापूरकरांवर चालून गेले, बिदर घेतलं, मग कल्याणीला वेढा घातला. मोगलांची सगळी ताकद तिकडे गुंतलेली बघून एप्रिलच्या अखेरीस एका रात्री शिवाजी महाराजांची माणसं जुन्नरच्या तटावर दोर लावून चढली आणि तीन लाख होन नि दोनशे घोडे घेऊन गेली. महाराज तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मुलगी खूश. खरं तर मीही.

आता ती कैद. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि मीर जुमल्याला फौजेसह परत येण्याचं फर्मान सुटलं. जावं, तर औरंगजेब एकटा पडतो. न जावं, तर दिल्लीत असलेल्या बायकामुलांचं काय? तोडगा पेढीवरच्या माणसाला शोभेल असा निघाला. जानेवारी १६५८ मध्ये औरंगजेबानं त्याला औरंगाबादला अटक करवली, दौलताबादेत टाकलं, त्याची दौलत आणि तोफखाना सरकारजमा केला. सारा देखावा आधीच ठरलेला होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. दिल्लीला दिसला बिचारा कैदी, आणि तोफा चालू लागल्या बऱ्हाणपूरकडे.

खऱ्या अर्थानं भोगलं ते औरंगजेबाच्या सासऱ्यानं. शाहनवाज खान बंडात सामील व्हायला तयार नव्हता, म्हणून जावयानं कूच केल्यावर माणसं परत पाठवून त्याला इथंच, आपल्या किल्ल्यात, कोंडलं. (उतावळीकाठची शाहनवाज खानाची कबर याची नव्हे बरं का! ती रहीम खानखानाच्या मुलाची, चाळीस वर्षं आधीची. गाईडसुद्धा गल्लत करतात.)

औरंगजेब जिंकल्यावर कैदी सुटला. जानेवारी १६५९ मध्ये खजव्याच्या लढाईत शुजाविरुद्ध तो हजर होता, मग शुजाच्या पाठीवर बंगालपर्यंत गेला आणि १६६० मध्ये तिथला सुभेदार झाला. राजधानी राजमहालहून ढाक्याला हलवली. सुभेदारीतही व्यापार सुटला नाही. मक्तेदाऱ्या चालूच होत्या, इंग्रज वखारवाले त्याच्याशी भांडून थकले.

या माणसाकडे मला आदरानं बघायला लावते ती त्याची शेवटची मोहीम. सत्तरीत तो कूचबिहार आणि आसामवर गेला. रयतेला लुटायचं नाही, बायकांना हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता, आणि मोडणाऱ्याला खरोखर शिक्षा व्हायची. मार्च १६६२ मध्ये आहोमांची राजधानी गढगाव हाती आली, पण पावसाळ्यानं रस्ते तुटले, नद्या फुगल्या, अन्न संपलं, तापाची साथ आली. तेव्हा हिऱ्यांच्या राशींवर बसलेला हा म्हातारा शिपायांच्या ताटातला जाडाभरडा भात खात होता. सोबतच्या शिहाबुद्दीन तालिश या बखरकारानं हे नोंदवलं आहे. १६६३ च्या जानेवारीत तह झाला. परतताना, ३१ मार्च १६६३ ला, ढाक्याला पोहोचण्याआधीच नावेत तो गेला. त्याची कबर आसामात मानकाचरला आहे, आणि त्याची ‘बीबी मरियम’ नावाची तोफ आजही ढाक्यात बघायला मिळते.

बर्निए हा फ्रेंच वैद्य सांगतो, औरंगजेबानं मुहम्मद अमीनचं सांत्वन करताना म्हटलं की तू बाप गमावलास आणि मी माझा सर्वांत बलाढ्य, सर्वांत धोक्याचा मित्र. बर्निए ऐकीव गोष्टी खुलवून सांगतो, पण ही पटते.

त्या मुलीला पुढचं मी नंतर सांगितलं. मीर जुमला गेला त्याच आठवड्यात, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, महाराज पुण्यात लाल महालात शिरले. बोटं गमावलेल्या शास्ताखानाला औरंगजेबानं रागानं दख्खनमधून हलवलं, आणि पाठवलं कुठे, तर बंगालला, मीर जुमल्याच्या रिकाम्या जागेवर. तिनं वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहून घेतल्या आणि विचारलं, पुढच्या रविवारी किल्ल्यावर जायचं का?