अर्धवट वाचन आणि वाङ्मयीन निर्णय

हाती घेतलेले पुस्तक कोठे मिटावे, हा प्रश्न वैयक्तिक रुचीचा समजून सोडून दिला जातो. वस्तुतः त्यात मूल्यनिर्णय दडलेला असतो. सातारा आणि सांगली या लगतच्या जिल्ह्यांशी नाते असलेल्या दोन लेखकांच्या कादंबऱ्यांवरून हे तपासता येते.

सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही संज्ञाप्रवाहाचे तंत्र योजणारी कादंबरी. घटनांची साखळी शोधणाऱ्या वाचकाला ती प्रारंभीच अडविते. परंतु त्याच्या कंटाळ्याने कादंबरीविषयी अद्याप काहीच सिद्ध होत नाही. तिच्या रचनेचा नियमच त्याला गवसलेला नसतो. येथे मर्ढेकरांचाच सिद्धान्त लावून पाहण्यासारखा आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीची संघटना होते, असे ते मानतात. समतोल हा पूर्णाकृतीचा धर्म असेल, तर पूर्वार्धातला विरोध पुढे कशाने तोलला जातो, हे मध्येच थांबणाऱ्यास कळणार नाही. त्याने खुशाल थांबावे. कादंबरी फसली, असे मात्र म्हणू नये.

हा युक्तिवाद फार ताणला, तर सुमार पुस्तकालाही अभय मिळते. म्हणून एक मर्यादा घालावी लागते: रचनेचा नियम उमगला आणि पुढे केवळ त्याची पुनरुक्ती उरली, तर त्याग समर्थनीय ठरतो.

सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) या मर्यादेचीच परीक्षा पाहते. तिची अलंकारप्रचुर, सुभाषितवजा शैली लवकरच परिचित होते आणि काहींना शिणवते. मात्र ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे येथे निवेदक आहेत. ययातीच्या निवेदनातच थांबणाऱ्याने एकाच पक्षाची कैफियत ऐकलेली असते. तिन्ही मुखांतून एकच भाषा बोलते, हा आक्षेप घ्यावयाचा तरी निदान शर्मिष्ठेपर्यंत पोहोचणे भाग आहे.

अभ्यासक्रमातील वाचकाला हा विवेक करण्याची मोकळीकच नसते. मार्गदर्शिकेच्या आधारे उत्तर लिहिणारा विद्यार्थी पुस्तक केव्हाच सोडून बसलेला असतो. पण कोठे आणि का, हे तो सांगत नाही, आणि प्रश्नपत्रिकाही ते विचारीत नाही.