काचेच्या टाकींतील डिस्कस मासे : पाणी आणि खाद्य

शेतकीच्या मासिकांत शोभेच्या माशांचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु गांवाकडील घरांतूनही हल्लीं काचेच्या टाक्या दिसूं लागल्या आहेत, आणि हौसेनें आणलेले मासे पंधरवड्यांत मरतात ही तक्रार वारंवार कानीं येते. आम्हीही त्या तक्रारदारांपैकींच होतों. पेन्शन घेतल्यावर नातवाच्या आग्रहास्तव आम्ही सहा डिस्कस मासे आणले. त्यांतील चार दहा दिवसांत दगावले. दोष माशांचा नव्हता, विकणाराचाही नव्हता. तो आमचा कसा होता, हें येथें सांगावयाचें आहे.

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला मासा. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें इ. स. १८४० मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. अंग थाळीसारखें वाटोळें व चपटें, वाढ सुमारें वीतभर. पाण्यांत बुडालेल्या झाडांच्या आडोशाला, संथ प्रवाहांत तो टोळीनें राहतो. म्हणून एकटादुकटा न ठेवतां निदान पांच-सहा तरी एकत्र ठेवावे. तितक्यांस ४ फूट लांब व दीड-दीड फूट रुंद-उंच, म्हणजे सुमारें २५० लिटरची टाकी लागते.

तेथील पाणी उबदार, मृदु व किंचित् आम्ल असतें. टाकींत २८ ते ३० अंश सेल्सियस उष्णता राखावी. आपल्या दख्खनच्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. पैदास केंद्रांत वाढलेले मासे तें कांहीं अंशीं सोसतात; तरी फार जड पाण्यांत पागोळीचें स्वच्छ पावसाचें पाणी थोडें थोडें मिसळावें. पहिल्या सरींचें पाणी मात्र वाहूं द्यावें.

आतां मुख्य मुद्दा. शेतांत घातलेल्या नत्रखताचें काय होतें हें वाचकांस ठाऊकच आहे. जमिनींतील सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि तें पीक उचलतें. टाकींतही हाच व्यवहार चालतो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांस विषेंच होत. त्यांचा निकाल लावणारे जंतु गाळणीच्या स्पंजांत वस्ती करितात, परंतु ती वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशीं मासे सोडले! वर पाहुण्यास आग्रह करावा तसें दिवसांतून सहा वेळां खाद्य घातलें. मासे काळवंडले, कोपऱ्यांत गोळा झाले, भराभर श्वास घेऊं लागले. तो अशक्तपणा समजून आम्ही खाद्य आणखी वाढविलें. पुढील परिणाम वर सांगितलाच आहे.

म्हणून मोठ्या माशांस दिवसांतून दोन वेळां, लहानांस चार-पांच वेळां, पण पांच मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य द्यावें. उरलेलें नळीनें ओढून काढावें. तयार गोळी-खाद्य, सोललेल्या कोळंबीचा बारीक खिमा व उकडलेला पालक आलटून पालटून द्यावा. जनावरांची चरबी माशांस पचत नाहीं. गटारांतील तांबडे किडे घालूं नयेत. त्यांजबरोबर रोग येतो.

आठवड्यांतून दोन वेळां चतुर्थांश पाणी बदलावें. नवें पाणी तितकेंच उबदार असावें. क्लोरिनचें नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें. स्पंज नळाखालीं न धुतां टाकींतून काढलेल्या पाण्यांतच खंगाळावा. नाहींतर जंतु मरतात. वीज गेल्यास टाकीस घोंगडी गुंडाळावी, खाद्य बंद ठेवावें व तांब्यानें पाणी वरखालीं करावें.

आणखी एक गोष्ट खास शेतकरी बंधूंसाठीं. फवारणी करून आलेला हात टाकींत घालूं नये, व फवारणीची बादली पाण्यास वापरूं नये. पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें अत्यल्प प्रमाणांतही माशांस मारक आहेत.

आमचे उरलेले दोन मासे रोज पाणी बदलून वांचले. टाकी मुरल्यावर त्यांच्या जोडीस चार आणखी आणले. तिसऱ्या वर्षीं ते सहाही सुखरूप आहेत. काढलेलें पाणी आम्ही परसांतील वांग्यांस घालतों. माशांस जें विष होऊं पाहत होतें, तें तेथें खत होतें. माशांची भूक भागविणें सोपें आहे. आपला हात आवरणें कठीण. तेवढें साधल्यास वाचकांचें नुकसान टळेल, अशी आमची खात्री आहे.