ताप कॉम्प्युटरला, घाम बाबाला!

ख्रिसमसच्या सुट्टीत चिरंजीव आणि मी मिळून घरीच कॉम्प्युटर जुळवला. सुरू झाला, पण दहा मिनिटांत गेम अडखळायला लागला. ‘‘बाबा, प्रोसेसर खराब आहे, परत करूया,’’ असा निकालही लागला. मी म्हटलं, आधी ताप तर मोजू!

एका फुकट प्रोग्रॅमने तपमान दाखवलं, १०० अंश सेल्सिअस. आजकालचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचले की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतात. म्हणजे प्रोसेसर शहाणाच होता. पण उष्णता अडत कुठे होती?

केसचं झाकण काढून पाहिलं, फरक नाही. पंखाही फिरत होता. शेवटी वीज बंद करून कूलर उतरवला. पाहतो तर काय, त्याच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच! तो काढायचं काम माझ्याकडे होतं.

‘‘बाबा, तू एम.एस. केलंयस ना?’’

मुकाट्याने चूक कबूल केली. पापुद्रा काढला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. आता तोच गेम, ७२ अंश.

तेव्हा मंडळी, कॉम्प्युटर मंदावला तर आधी तपमान बघा, मग जाळीतली धूळ, पंख्यांची दिशा आणि शेवटी कूलर. नवी खरेदी त्यानंतर. आमचे चिरंजीव हल्ली काही बिघडलं की आधी म्हणतात, ‘‘बाबा, मोजूया?’’